बसता येऊ नये अशी गादी

गोदीत तिला सगळे गादीकाकू म्हणत. ती स्वतः अंगाने काटकुळी, बसली तर अर्धी खुर्ची रिकामी राहायची. पण आपला हात फिरला की लाकडी बाकाचंही सिंहासन होतं, असं तिचं स्वतःचं म्हणणं होतं. स्वतःबद्दल चांगलं बोलायला ती दुसऱ्या कुणाची वाट बघत नसे. लोकांना कामं असतात, ते विसरतात, त्यापेक्षा आपलं कौतुक आपणच उरकून घ्यावं, म्हणजे कुणाला तसदी नको!

गोदी होती श्रीमंतांच्या यॉटींची. समुद्रात मिरवून आलेल्या पांढऱ्याशुभ्र यॉटी इथे रंगाला, दुरुस्तीला यायच्या आणि नव्या नवरीसारख्या नटून परत जायच्या. सुतारांच्या शेडवर लाकडी जिना चढून गेलं की एक लांबलचक खोली लागे. मधोमध कापड पसरायचं भलंमोठं टेबल, भिंतीवर टांगलेल्या वाकड्या सुया, सुतळीचे गुंडे, आणि छतापर्यंत रचलेली सावरीच्या कापसाची पोती. हा गादीखाना. यॉटीवर साधा कापूस चालत नाही, समुद्राच्या दमट हवेत त्याचे गोळे होतात. सावरीचा कापूस मात्र रेशमासारखा हलका आणि पाण्याला मुळीच दाद न देणारा. त्या कापसात काकूचं बालपण गेलं होतं. वडील इथेच गाद्या करायचे. त्यांनी तिला पहिला धडा दिला तो कोपऱ्याचा. मध्यभागी कुणीही भरतं, कारागिराची परीक्षा कोपऱ्यात. तिथे मूठ दाबली आणि ती आत गेली, तर ती गादी नव्हे, फसवणूक. वडील गेल्यावर खोली तिच्याकडे आली आणि मूठही. हाताखालच्या बायकांनी भरलेल्या प्रत्येक गादीच्या चारही कोपऱ्यांत ती मूठ दाबून बघे, आणि एखादा पोकळ लागला की तिचा आवाज खाली सुतारांपर्यंत जाई.

तिचं लग्नसुद्धा गादीवरूनच जमलं. गोदीतल्या सगळ्यात मोठ्या यॉटीवर नवा इंजिन-मिस्त्री लागला होता. तो पहिल्याच आठवड्यात तेलकट पँटीनिशी तिच्या नव्याकोऱ्या सायीच्या रंगाच्या सोफ्यावर टेकला. काकू, म्हणजे तेव्हा ती काकू नव्हती, कापड मोजायचा गज घेऊन त्याच्यामागे डेकभर धावली. त्याने माफी मागितली. दुसऱ्या दिवशी पुन्हा मागितली. तिसऱ्या दिवशीही आला. माफी मागायला त्याने इतका वेळ लावला, की शेवटी ती लग्नातच संपली.

मिस्त्री स्वभावाने थंड. घरात बोलायचं काम काकूकडे आणि ऐकायचं त्याच्याकडे, अशी वाटणी झाली होती आणि दोघांनाही ती मानवली होती. त्याच्यात खोड एकच. अख्खं आयुष्य पाण्यावर काढलं, पण गड्याला पोहता येत नव्हतं. काकूने शिकायचा किती लकडा लावला, पण तो म्हणायचा, "माझं काम बोट चालती ठेवायचं. ती तरंगते तोवर मी तरंगतोच की."

मग युद्ध सुरू झालं, आणि किनाऱ्यावर गस्त घालायला नौदलाला बोटी पुरेनात. मोठी जहाजं लांब गुंतलेली. नवी बांधायला वेळ नाही. नौदलाचे लोक गोदीत आले, यॉटींभोवती फिरले, आणि ज्या ज्या धडधाकट दिसल्या त्या त्या ताब्यात घेतल्या. मिस्त्रीच्या यॉटीचे मालक स्वतः किल्ल्या द्यायला आले होते. जाताना कठड्यावरून एकदा हात फिरवला आणि मागे न बघता चालते झाले. काकूला त्या माणसाबद्दल कधी प्रेम नव्हतं, त्याला फिका आणि गडद यांतला फरक कळत नसे. पण त्या दिवशी तिला त्याची दया आली.

यॉट सोलून काढायला सुरुवात झाली. गालिचे गेले, आरसे गेले, झुंबर गेलं. पियानो क्रेनने उतरवताना धक्क्याला जरा टेकला आणि आपला आपणच एकदा वाजला, तेव्हा काम करणारे सगळे क्षणभर थांबले. नक्षीदार कपाटं तोडून शेडमागे फळ्यांचा ढीग लागला. आगीची भीती म्हणून मऊ म्हणता येईल असं काही आत ठेवायचं नाही, असा हुकूम होता. काकूने अख्ख्या आयुष्यात केलेल्या गाद्या, उशा, तक्के एकामागून एक जिना चढून तिच्याकडेच परत आले. तिकडे पांढऱ्या रंगावर राखाडी चढला, नाव खोडून आकडा लिहिला, पुढच्या डेकखाली लोखंडी टेकू देऊन त्यावर तोफ बसवली आणि मागे पाणबुडीवर टाकायच्या बॉम्बची पिंपं रचली. नटवी नवरी बघता बघता हवालदार झाली.

आणि मिस्त्रीने बोटीसोबत जायचं ठरवलं. इंजिन जुनं, लहरी; त्याचे रुसवेफुगवे त्याच्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हते. नौदलाने विचारलं आणि हा बाबा घरी न विचारता हो म्हणून आला.

"अहो, तुम्हाला पोहता येत नाही!" काकू कडाडली.

"तिथे पोहायला कोण चाललंय?"

"आणि बोट बुडली म्हणजे?"

"एवढी माणसं असतील. मी एकटा थोडाच बुडणार?"

"हो, तेच सांगायला येईन मी वरती! एकटे नव्हता, सोबत होती!"

मिस्त्री हसला. काकूला मात्र हसू आलं नाही. त्या दिवसापासून जेवताना समोर बसलेल्या त्या मुखदुर्बळ माणसाकडे बघितलं की तिला पाणीच दिसायचं, आणि त्या पाण्यात तो दिसायचा नाही.

बोटीवर नेमलेले साहेब एक दिवस जिना चढून वर आले. माणूस तरुण नव्हता आणि गोडबोल्याही नव्हता. आधीचं जहाज हातचं गेलेलं, स्वतः पाण्यात पडून वाचलेला. त्यांनी टेबलावर एक जुनाट लाइफ जॅकेट टाकलं.

"अशी हवीत. कुठेच मिळत नाहीत. सावरीचा कापूस यायचा तो समुद्रापलीकडून, आता जहाजंच येत नाहीत. तुमच्याकडे या गाद्यांत तोच आहे ना?"

"तोच, आणि अव्वल नंबरचा," काकू म्हणाली. "किती हवीत बोला. अशी करून देते की बघत राहाल."

"बघत राहायला नकोत. माणूस दिवसभर पाण्यावर राहिला पाहिजे. वजन बांधून सकाळी गोदीतल्या पाण्यात टाकणार. संध्याकाळी वर असेल ते घेणार."

साहेब गेले. काकूने जॅकेट उचललं, उलटंसुलटं केलं, आणि नाक मुरडलं. कसलं काम! कोपरे तर नुसते लोंबत होते. पण आजवर ती नुसतीच घाबरत होती. आता तिच्या हातात करायला काहीतरी आलं होतं. तिच्यासारख्या बाईला तेवढं पुष्कळ होतं.

पोत्यांत उरलेला कापूस पुरणार नव्हता, म्हणून गादीखान्यात उसवाउसवी सुरू झाली. सोफ्यांची पोटं फाडली, कापूस बाहेर आला आणि हवेत उडायला लागला. केसांत कापूस, चहात कापूस, शिंकांवर शिंका. हात कमी पडले म्हणून शेजारच्या शेडमधून शिडं शिवणारी आजी आणली. आजीची शिवण अशी, की कापड फाटेल पण टाका सुटायचा नाही. भरण्याच्या कामात मात्र सगळा आनंदीआनंदच होता. गुडघे दुखत, मूठभर घालायची, मूठभर घालायची, आणि बस झालं म्हणून तोंड शिवून टाकायची.

"आजी, अहो हे काय? कोपरे बघा, बोळकं झालंय नुसतं!"

"पाण्यात कोण कोपरे बघतंय गं बाई?"

"मी बघते! माझ्या खोलीतून असलं काम जात नाही."

काकूने स्वतः भरलेली जॅकेटं मात्र बघण्यासारखी होती. काठीने दाबून दाबून, चारही कोपरे ठासून. नवऱ्यासाठीचं तर तिने असं भरलं, की टेबलावर उभं करावं आणि त्यानेही उभं राहावं.

परीक्षेच्या दिवशी सकाळी सगळी गोदी धक्क्यावर जमली. प्रत्येक जॅकेटाला लोखंडाचं वजन बांधलं आणि ती पाण्यात सोडली. एका रांगेत डौलाने तरंगायला लागली. काकू धक्क्यावर अशी उभी, जणू समुद्रही तिनेच भरलाय. गोदीच्या मुकादमाला तिने दोनदा विचारलं, कशी आहेत म्हणून.

दुपार व्हायच्या आत पहिलं कललं. मग दुसरं. काकूला वाटलं, वजन जास्त बांधलं असेल. मग एकेक करत रांगच्या रांग खाली बसायला लागली. नवऱ्याचं जॅकेट सगळ्यांत आधी गेलं नाही, पण शेवटीही राहिलं नाही. ते पाण्याखाली जाताना तिने डोळे मिटून घेतले. लोकांपुढे फजिती झाली याचं तिला त्या क्षणी काहीच वाटलं नाही. आत माणूस असता तर, एवढंच मनात होतं.

साहेबांनी एक वर ओढून घेतलं, हाताने दाबून पाहिलं आणि म्हणाले, "बसायला छान आहे."

एरवी काकूने त्यांना सोडलं नसतं. आज ती बुडालेलं एक जॅकेट वर ओढायला वाकली. तेवढ्यात मुकादम ओरडला, "एक आहे! एक आहे अजून वर!"

पाण्यावर एकटंच एक जॅकेट खुशाल डुलत होतं. वेडंवाकडं, ढिलं, लोंबत्या कोपऱ्यांचं. कुणाचं ते विचारायची गरजच नव्हती. मागे आजी पदराआड हसत होती.

काकूने वर काढलेलं जॅकेट तिथेच फाडलं. मधोमध कापसाचा ओला, दगडासारखा गठ्ठा. एका कोपऱ्यात कुणाची तरी मूठ कमी पडली होती, तिथला कापूस मात्र कोरडा, अगदी फुलासारखा. तिने दोन्ही कापूस दोन हातांत घेऊन चोळून पाहिले. मग तिच्या लक्षात आलं. गादी ठासून भरायची ती वर बसणाऱ्याच्या वजनाला पुरून उरावी म्हणून. इथे तर तिला कापसात वारा कोंडून ठेवायचा होता, आणि तिने काठीने ठोकून ठोकून तोच बाहेर काढला होता. वडिलांचा धडा खोटा नव्हता, पण तो सोफ्याचा धडा होता. हे कळायला तिला भर बाजारात नाक कापून घ्यावं लागलं.

दुसऱ्या दिवशी तिने सगळ्या बायकांसमोर आजीपुढे पोतं ओढलं आणि समोर बसली. "आजी, कसं भरलंत ते दाखवा."

"कसं म्हणजे?" आजी म्हणाली. "कंटाळून."

खोलीत असा हशा पिकला की खालचे सुतार वर आले. काकूही हसली. मग कंटाळून कसं भरायचं याचा तिने मन लावून अभ्यास केला. कापूस काठीने न कुटता बोटांनी मोकळा करायचा, मूठभर घालायचा, थांबायचं, हात दाबायचा मोह आवरायचा. सवय जाईना. कोपरा दिसला की मूठ आपोआप वळायची. ती स्वतःच्याच हातावर चापट मारी. पुढच्या परीक्षेत सगळी जॅकेटं संध्याकाळपर्यंत वर राहिली. साहेब "ठीक" म्हणाले. त्या माणसाच्या तोंडून एवढं निघालं म्हणजे मिरवणूकच काढायची.

बोट गस्तीवर गेली. काकूने नवऱ्याच्या जॅकेटाचे बंद स्वतः बांधले, दोनदा ओढून पाहिले, आणि धक्क्यावरून घरी न जाता थेट गादीखान्यात गेली. दुसऱ्या यॉटी रांगेत होत्याच.

काही आठवड्यांनी बोट कोळसा-पाणी भरायला परत आली. काकू फळीवरून बोटीत शिरली. तिने ही बोट सजलेली पाहिली होती. आता नुसतं लोखंड आणि लाकूड, टेकायला म्हणून कुठे जागा नाही. ती इंजिनखोलीत उतरली. मिस्त्री हत्यारांच्या पेटीवर बसून चहा पीत होता. पेटीवर त्याच्याखाली जॅकेट होतं.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"उठा!"

"अगं, आलीस कधी?"

"उठा आधी त्याच्यावरून!"

तिने ते खेचून घेतलं. इस्त्री केल्यासारखं चपटं झालं होतं. ती वर धावली. तोफेपाशी दोघे जॅकेटांवर बसलेले. कठड्याशी एक जण ते डोक्याखाली घेऊन ढाराढूर. एक तर त्याच्यावर गुडघे टेकून डेक घासत होता. एवढ्या बोटीत मऊ वस्तू ती तेवढीच उरली होती, मग माणसं दुसरं काय करतील? पण हे शहाणपण तिला नंतर सुचलं. त्या वेळी तिने जो तोंडाचा पट्टा सोडला, तो ऐकून झोपलेलासुद्धा उठून उभा राहिला.

"साहेब, यांना आवरा!"

"रोज सांगतो. हो म्हणतात. पाठ फिरली की बसतात."

"मग बसायला गाद्या देते मी. लोखंडावर किती बसतील बिचारे?"

"गाद्या चालणार नाहीत. गोळा लागला की आधी गाद्या पेटतात. मी पाहिलंय ते."

ज्या आवाजात ते म्हणाले, त्यावर काकूने वाद घातला नाही. ती चपटं जॅकेट काखोटीला मारून खाली उतरली. तिला रडायला येत होतं. शत्रूला तिने काय करायचं? तो तिच्या हातात नव्हता. पण तिच्याच माणसाला त्याच्याच बुडाने बुडवावं, हे तिला सहन होईना.

शेडमागून जाताना तिचा पाय ढिगाला अडखळला. यॉटीच्या तोडलेल्या कपाटांच्या त्या फळ्या. ती फतकल मारून ढिगावरच बसली आणि ताडकन उठली. खणाची एक लाकडी मूठ नेमकी नको तिथे खुपली होती. लिंबाएवढी, गोल, गुळगुळीत, कडक. काकूने ती शिव्या देत हातात घेतली, आणि शिवी अर्धवट राहिली.

संध्याकाळपर्यंत आजीने सगळ्या जॅकेटांवर अशा लाकडी मुठी शिवल्या. पाठीवर एक, छातीवर दोन. आतून चामड्याचा तुकडा, वरून शिडाचा दोरा. कापूस तेवढ्यासाठी काढून पुन्हा मोकळा करून भरला. लाकडाचं ओझं नाही, ते स्वतःच तरंगतं. साहेबांनी एक जॅकेट स्टुलावर ठेवलं, त्याच्यावर बसले, आणि बसले त्याच्या दुप्पट वेगाने उठले.

"मंजूर," ते म्हणाले.

आयुष्यभर ज्या बाईने लोकांची बुडं सुखात ठेवली, तिने शेवटी अशी गादी केली की जिच्यावर कुणाला बसताच येऊ नये. खलाशी तिच्या नावाने बोटं मोडायला लागले. उताणं झोपावं तर पाठीत, पालथं झोपावं तर छातीत. मिस्त्रीनेसुद्धा निघताना कुरकुर केली.

"अगं, फारच खुपतात या."

"खुपू देत. खुपलं की माझी आठवण काढा."

"ती तशीही येते," मिस्त्री म्हणाला आणि लाजला. एवढं लांब वाक्य बोलायची त्याची सवय नव्हती.

त्यानंतरच्या एका सकाळी दुसरी एक गस्तीची बोट गोदीत आली आणि बातमी घेऊन आली. पहाटे लांबवर मोठा स्फोट ऐकू आला. पाण्यातला सुरुंग असणार. ती बोट तिथे पोचली तेव्हा पाण्यावर तेल होतं, राखाडी फळ्या होत्या. माणूस एकही दिसला नाही.

मुकादम टोपी हातात घेऊन जिना चढला. त्याने बातमी सांगितली. बायकांच्या सुया जागच्या जागी थांबल्या.

"टोपी घाला डोक्यावर," काकू म्हणाली. "कोण गेलंय म्हणून उतरवलीत?"

"काकू, तिथे कुणी..."

"तिथे नसतील. पाणी काय एका जागी थांबतं? फळ्या तिथे सापडल्या, माणसं वाहून पुढे गेली असतील. माझी जॅकेटं आहेत त्यांच्या अंगावर. दिवसभराची परीक्षा दिलीय त्यांनी, अजून दुपारसुद्धा झाली नाही. साहेबांच्या वरच्या साहेबांना जाऊन सांगा, प्रवाह जातो तिकडे शोधा म्हणावं. आणि मासेमारीवाल्यांनाही सांगा. जा!"

मुकादम गेला. काकूने पुढचं जॅकेट ओढलं. कापूस घेतला, मोकळा केला, घातला. मग ती पोत्यांच्या आड गेली आणि एका उघड्या पोत्यात तोंड खुपसून उभी राहिली. तिचा तिच्या कामावर विश्वास होता, पण समुद्रावर नव्हता. आजी मागे आली आणि पाठीवर हात ठेवून उभी राहिली. थोड्या वेळाने दोघी परत आल्या आणि कामाला बसल्या. त्या दिवशी खोलीत कुणी जेवलं नाही, पण काम कुणी थांबवलं नाही.

ऊन कलायला लागलं तेव्हा बंदराच्या तोंडाकडून भोंगा ऐकू आला. एकदा नाही, सारखाच. कुणीतरी दोरी धरून सोडायलाच तयार नसल्यासारखा. सुतारांनी हत्यारं टाकली. काकू जिना कसा उतरली ते तिला नंतर कधीच आठवलं नाही.

एक मासेमारीची बोट संथपणे आत येत होती. जाळी ठेवायच्या जागेवर माणसं दाटीवाटीने बसली होती, काळी, तेलाने माखलेली, आणि प्रत्येकाच्या छातीवर दोन दोन मुठी. काकू शोधायला लागली. तेलाने सगळे चेहरे एकसारखे झाले होते. बोट धक्क्याला लागली, एकेक जण उतरू लागला. हा नाही. हाही नाही. तोफेवरचे आले, कठड्याशी झोपणारा आला. 

साहेब कठड्यावरून पाय टाकून उतरले. तिला समोर बघून थांबले. त्यांचे ओठ निळे पडले होते.

"सगळे आहेत, काकू. एकूण एक."

तिला ऐकू आलं, पण पटेना.

"लाटांनी पांगलो असतो," साहेब म्हणाले. "पांगलो असतो तर कुणाला सापडलो नसतो. पण पुढच्याच्या पाठीवरची मूठ मागच्याने धरली. सगळी रांग एकत्र राहिली. तुमच्या यजमानांची मी धरली होती. त्यांना पोहता येत नाही असं त्यांनी मला पाण्यात पडल्यावर सांगितलं."

हे काकूच्या डोक्यात कधीच आलं नव्हतं. मुठी शिवल्या तेव्हा तिला फक्त खुपायला हव्या होत्या.

मग तिला तो दिसला. सगळ्यांत शेवटी, दोघांच्या आधाराने, लटपटत्या पायांनी. धक्क्यावर येऊन समोर उभा राहिला. दात वाजत होते.

"अगं," तो म्हणाला, "मी तरंगलो."

काकूने कमरेची कात्री काढली आणि त्याच्या अंगावरच जॅकेटाची शिवण टरकन उसवली. बोटं आत घातली. वरचा थर ओला होता. तिने हात आणखी खोल नेला आणि मूठ भरून बाहेर काढली. मूठ उघडली तशी वाऱ्याने कापूस उचलला. पांढरा, सुटा, ठणठणीत कोरडा. तो खलाशांच्या तेलकट केसांवर बसला, साहेबांच्या भुवयांवर बसला, सगळ्या धक्क्यावर भुरभुरत गेला.

"कोरडा आहे!" काकू जिन्याकडे वळून ओरडली. "आजी, आतून कोरडा आहे हो!"

गोदीने एकच जल्लोष केला. सुतार फळ्या बडवू लागले, भोंगा पुन्हा सुरू झाला, मुकादमाने टोपी पाण्यात फेकून दिली. काकू मिस्त्रीच्या गळ्यात पडून हमसाहमशी रडली, मग हसली, मग दोन्ही एकदम करायला लागली, आणि एवढ्या लोकांसमोर तिला त्याची तसूभरही लाज वाटली नाही. तेलाचा काळा डाग तिच्या गालापासून पदरापर्यंत उमटला. मिस्त्रीने तो बघितला आणि सवयीने माफी मागायला तोंड उघडलं.

"गप्प बसा," ती म्हणाली, आणि त्याला आणखी घट्ट धरलं.